मेंदूतली नस ७५ टक्के अरुंद आहे, स्टेंटला नाही म्हटलं तर दोष माझ्यावर येईल का?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय):

कांदिवलीच्या एका ताईंनी लिहिलंय. मिस्टर ५४ वर्षांचे, अंधेरीला खासगी नोकरी. बीपी आणि डायबिटीस बरीच वर्षं, गोळ्या आठवल्या तर घ्यायच्या, तंबाखू चालू. तीन आठवड्यांपूर्वी सकाळी चहा पिताना उजव्या हातातला कप निसटला, शब्द जड झाले, वीसेक मिनिटांत सगळं जागेवर आलं आणि ते कामावर निघून गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरकडे नेलं. एमआरआयमध्ये डाव्या बाजूला छोटा स्ट्रोक दिसला आणि एमआर अँजिओत, म्हणजे नसांच्या एमआरआयमध्ये, मेंदूतली एक मोठी नस, मिडल सेरेब्रल आर्टरी, ७५ टक्के अरुंद असल्याचं आलं. एका हॉस्पिटलात सांगितलं की हा टाइम बॉम्ब आहे, लवकर स्टेंट (नस उघडी ठेवणारी जाळीची बारीक नळी) टाकून घ्या. दुसरे न्यूरोलॉजिस्ट म्हणाले, गोळ्या नीट घ्या, तीन महिन्यांनी बघू. थोरल्या दिरांची स्वतःची हार्टची अँजिओप्लास्टी झालीये, त्यांचं म्हणणं 'मला दोन दिवसांत घरी सोडलं, मेडिक्लेम आहे, वेळ कसला घालवताय'. ताई विचारतात, "काहीच न करता नुसत्या गोळ्यांवर ठेवायचं का? उद्या काही झालं तर सगळे म्हणतील बायकोने अडवलं."

उत्तर:

ताई, हे 'काहीच न करता' तुम्ही पत्रात तीन ठिकाणी लिहिलंय आणि मला आधी तिथेच थांबावंसं वाटतंय. कारण तुमच्या घरातला सगळा वाद त्यावर उभा आहे. स्टेंट म्हणजे उपचार आणि गोळ्या म्हणजे उपचार पुढे ढकलणं, असं सगळ्यांनी धरून चाललंय. हार्टच्या बाबतीत आपण आजूबाजूला इतक्या अँजिओप्लास्टी बघितल्यात की तसं वाटणं साहजिक आहे. पण मेंदूच्या आतल्या नसेचं गणित वेगळं आहे, आणि हे माझं मत म्हणून सांगत नाहीये, नीट तपासून झालेली गोष्ट आहे.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. पालिकेच्या हॉस्पिटलात मेडिकल सोशल वर्कर म्हणून बरीच वर्षं न्यूरोच्या वॉर्डात काम केलं, तुमच्यासारख्या कितीतरी बायका, मुलं, भाऊ फाईल हातात घेऊन समोर बसलेले बघितलेत. त्यामुळे मी जे लिहितेय त्यावरून गोळी चालू किंवा बंद करू नका, हे सगळं घेऊन डॉक्टरांसमोर बसा.

आता तपासून झालेली गोष्ट कुठली ते सांगते. अमेरिकेत सॅम्प्रिस नावाची एक मोठी ट्रायल झाली. मेंदूतली नस ७० ते ९९ टक्के अरुंद आहे आणि गेल्या ३० दिवसांत स्ट्रोक किंवा तात्पुरता झटका येऊन गेलाय अशी ४५१ माणसं घेतली, म्हणजे जवळजवळ तुमच्या मिस्टरांसारखीच. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एका गटाला नुसता कडक औषधोपचार आणि दुसऱ्याला तोच औषधोपचार अधिक स्टेंट. २०११ मध्ये नवीन पेशंट घेणं मधेच थांबवावं लागलं, कारण पहिल्या ३० दिवसांत स्ट्रोक किंवा मृत्यूचं प्रमाण स्टेंटवाल्यांत १४.७ टक्के निघालं आणि गोळ्यांवाल्यांत ५.८ टक्के. वर्षाअखेरीस २० टक्के विरुद्ध १२.२. नंतर तीनेक वर्षं पाठपुरावा केला तरी स्टेंटवाला गट पुढे गेला नाही. वेगळ्या प्रकारचा स्टेंट वापरून आणखी एक ट्रायल झाली, तिचे निकाल २०१५ मध्ये आले, तिथेही स्टेंटवाल्यांचंच जास्त नुकसान झालं, तीही लवकर थांबवली.

मग लोक म्हणाले की घाईत केलं, हात सरावलेले नव्हते, पेशंट नीट निवडले नव्हते. म्हणून चीनमध्ये अनुभवी सेंटर्स निवडून, स्ट्रोकनंतर तीन आठवडे थांबून, पेशंट गाळून घेऊन ट्रायल केली, तिचे निकाल २०२२ मध्ये आले. स्टेंटवाल्यांत ८ टक्के, गोळ्यांवाल्यांत ७.२ टक्के. म्हणजे सगळी काळजी घेतल्यावर नुकसान कमी झालं पण फायदा असा काही दिसला नाही. अमेरिकेतल्या स्ट्रोकच्या तज्ज्ञांनी २०२१ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यातही हेच आहे, की एवढी अरुंद नस असली तरी पहिला उपचार म्हणून स्टेंट नको.

हे वाचून भाऊजी विचारतील की माझ्या हार्टला चालतं तर याच्या डोक्याला का नाही, आणि प्रश्न चुकीचा नाहीये. हार्टच्या बाहेरून जाणाऱ्या नसा आणि मेंदूच्या आतल्या नसा यांच्यात फरक आहे. मेंदूतल्या नसेची भिंत पातळ असते, तिच्याभोवती आधाराला स्नायू नसतात, ती पाण्यात तरंगत असल्यासारखी असते, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर रुंद, आणि तिथपर्यंत जांघेतून किंवा मनगटातून वायर नेताना कवटीच्या आत जाण्याआधी नागमोडी वळणं घ्यावी लागतात. शिवाय मिडल सेरेब्रल आर्टरीच्या बुंध्यातून केसासारख्या बारीक फांद्या वर जातात, हातापायांच्या हालचालीच्या वायरिंगला रक्त त्याच पुरवतात. फेरीवाल्यांनी भरलेल्या गल्लीतून मधे वाट काढायची म्हणून सगळा माल दोन्ही बाजूंना रेटला की रस्ता मोकळा होतो पण दुकानांची दारं बंद होतात, तसं स्टेंट उघडताना नसेतला चरबीचा थर बाजूला दाबला जातो आणि या बारीक फांद्यांच्या तोंडावर जाऊन बसू शकतो. नस उघडली, फोटो झकास आला आणि पेशंटचा हात लुळा, असं यामुळे होतं. दुसरा धोका रक्तस्रावाचा, वायरमुळे किंवा एकदम जोरात रक्त सुरू झाल्यामुळे.

आणि मानेतली नस हा तिसराच विषय आहे. तुम्ही लिहिलंय की दिरांच्या मित्राच्या 'डोक्याच्या नसेत' स्टेंट टाकला आणि तो ठणठणीत आहे. त्यांना एकदा विचारून घ्या की नस कवटीच्या आत होती की मानेत. मानेतली कॅरोटिड आर्टरी अरुंद होऊन स्ट्रोक आला असेल तर ती ऑपरेशनने साफ करणं किंवा तिथे स्टेंट टाकणं याला चांगला आधार आहे, तिथे उलट लवकर करावं म्हणतात, शक्यतो दोन आठवड्यांत. वॉर्डात नातेवाईक दोन्ही एकच धरायचे, 'डोक्याला रक्त नेणारी नस' एवढंच सांगायचे, आणि मग शेजारच्या बेडवरच्याचं झालं मग आमचं का नाही असा वाद व्हायचा.

म्हणजे स्टेंट वाईट आणि तो सुचवणारे डॉक्टर पैशासाठी सुचवतात, असं मी म्हणतेय का? अजिबात नाही, आणि तुम्हीही घरात तसं बोलू नका, त्याने चर्चा बंद होते. मेंदूतल्या स्टेंटची गरज पडणारे पेशंट आहेत. सगळी औषधं नीट, पूर्ण डोसमध्ये चालू असताना त्याच नसेमुळे पुन्हा पुन्हा स्ट्रोक येतोय, किंवा पलीकडे रक्तच इतकं कमी पोचतंय की उभं राहिलं, बीपी जरा उतरलं की हात जड होतो, अशांना. अमेरिकेत या कामासाठी मान्यता असलेल्या विंगस्पॅन स्टेंटवर २०१२ मध्ये अटी कडक केल्या, कडक औषधोपचार चालू असताना दोन किंवा जास्त स्ट्रोक येऊन गेलेत, नस ७० ते ९९ टक्के अरुंद आहे, शेवटच्या स्ट्रोकला सात दिवसांहून जास्त झालेत, वगैरे. त्या अटी पाळून सरावलेल्या हातांनी १५२ लोकांना केलं तेव्हा पहिल्या ७२ तासांत स्ट्रोक किंवा मृत्यू २.६ टक्के एवढाच आला. म्हणजे योग्य माणसाला, योग्य वेळी, अनुभवी डॉक्टरांकडून केलं तर धोका बराच खाली येतो. आणि २०२४ मध्ये निकाल आलेल्या चीनमधल्या एका ट्रायलमध्ये स्टेंट न ठेवता नुसता छोटा फुगा हळूहळू फुगवून नस थोडी मोकळी केली, औषधं होतीच, तर वर्षभरातला त्रास ४.४ टक्के आणि नुसत्या औषधांवर १३.५ टक्के आला, त्या आकड्यात स्ट्रोक, मृत्यू आणि नस पुन्हा उघडावी लागणं असं सगळं धरलंय. पहिल्या महिन्यातला धोका मात्र फुगावाल्यांतच थोडा जास्त होता. हेही तुम्हाला माहीत असायला हवं, कारण उद्या कोणी 'आता नवीन रिसर्च आलाय' म्हणालं तर तो स्टेंटचा आहे की फुग्याचा, हे विचारता येईल. हे क्षेत्र हलतंय, त्यामुळे तीन महिन्यांनी परत बघू म्हणणारे डॉक्टर टाळाटाळ करत नाहीयेत.

आता तुमच्या मिस्टरांकडे येऊ. ताई, पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ तुम्ही कंसात लिहिलीये, 'गोळ्या आठवल्या तर घ्यायचे'. म्हणजे हा झटका आला तेव्हा रक्त पातळ करायची गोळी चालू नव्हती, कोलेस्टेरॉलची नव्हती, बीपीची कधी होती कधी नव्हती, साखर कशी होती ते कोणी बघितलं नव्हतं, आणि वर तंबाखू. मग औषधं फेल गेली असं कसं म्हणायचं? ती अजून नीट दिलीच गेली नाहीयेत. आत्ता तीन आठवड्यांपासून पहिल्यांदा चालू झालीत. या एका कारणासाठी मला दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं तुमच्या केसला जास्त लागू वाटतं.

दुसरी शंका ७५ या आकड्याची. एमआर अँजिओ रक्ताच्या वाहण्यावरून चित्र काढतं, त्यामुळे जिथे अरुंद आहे तिथे ते खऱ्यापेक्षा जास्त अरुंद दाखवू शकतं. सीटी अँजिओ किंवा डीएसए (वायर आत नेऊन, नसेत रंग सोडून काढलेला एक्स-रे) केल्यावर ७५ चे ६० झालेले मी रिपोर्टवर बघितलेत, आणि ७० च्या खाली असेल तर स्टेंटचा विषय जवळजवळ मिटतो. म्हणजे उठून डीएसए करा असं नाही, त्यातही वायर आत जाते आणि थोडा का होईना धोका असतो, पण स्टेंटचा विचार करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा की हा आकडा कशावरून पक्का केलाय.

सेकंड ओपिनियनला जाल तेव्हा नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका, एमआरआयची सीडी न्या. केईएम, सायन, नायर इथे न्यूरोलॉजीच्या ओपीडी आहेत, केस पेपर काढून दाखवता येतं, वेळ जातो, सकाळी लवकर जावं लागतं, पण त्या डॉक्टरांना तुम्ही स्टेंट केला काय आणि नाही केला काय, काही फरक पडत नाही आणि असं मत एकदा तरी घ्यावं. तिथे विचारायचं काय? हा स्ट्रोक नक्की याच नसेमुळे आलाय का, की हार्टमधून गुठळी गेली असेल (त्यासाठी ईसीजी, इको, होल्टर म्हणजे दिवसभर अंगावर लावून ठेवायचा ईसीजी, झालंय का). याआधी औषधोपचार पूर्ण होता असं तुम्ही म्हणाल का. स्टेंट सुचवत असाल तर इथे वर्षाला किती होतात, आणि मानेतले नाही, गुठळी काढायचे नाही, मेंदूतल्या अरुंद नसेचे किती, त्यातल्या किती जणांना महिन्याभरात काही झालं. हा प्रश्न विचारायला लोक घाबरतात, डॉक्टरांना राग येईल वाटतं. चांगले डॉक्टर आकडा सांगतात. आणि शेवटचा, थांबायचं ठरवलं तर नेमकं काय झालं की तुमचं मत बदलेल. याचं उत्तर फाईलवर लिहून मागा.

एक गैरसमज अजून आहे आणि तो बहुतेक भाऊजींचाही आहे, की स्टेंट टाकला की गोळ्यांची कटकट जाते. जात नाही. उलट स्टेंटनंतर रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या काही महिने चुकवून चालतच नाही, चुकल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होते, आणि स्टेंट आतून पुन्हा अरुंद होऊ शकतो तो भाग वेगळा. म्हणजे जो माणूस गोळ्या विसरतो त्याच्यासाठी स्टेंट हा सोपा रस्ता नाहीच. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू हे चारही तिथेच राहतात.

तर मग कडक औषधोपचार म्हणजे काय, कारण सॅम्प्रिसमध्ये गोळ्यांवाल्यांचं अंदाजापेक्षा बरंच चांगलं झालं ते नुसती प्रिस्क्रिप्शन देऊन नाही झालं. रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या ९० दिवस आणि मग एक, वरचं बीपी १४० च्या खाली (डायबिटीस असेल तर १३० च्या), वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल ७० च्या खाली, साखर ताब्यात, आणि तंबाखू, वजन, चालणं यासाठी एक माणूस नेमून दिलेला जो फोन करून मागे लागायचा. तो माणूस आता तुमच्या घरात कोणीतरी व्हायला हवं, आणि माझ्या मते तो तुम्ही एकट्या नको.

गोळ्यांचं बघा. वॉर्डात डिस्चार्जनंतर पहिल्या फॉलोअपला मी पेशंटना घरचा गोळ्यांचा डबा आणायला सांगायचे. स्टीलचा डबा उघडला की आत कातरीने कापलेले स्ट्रिपचे तुकडे, नाव एका तुकड्यावर गेलं, तारीख दुसऱ्या, आणि बाई सांगणार की ही पांढरी सकाळची, ही गुलाबी रात्रीची, मग दोन पांढऱ्या निघायच्या, एक रक्त पातळ करायची क्लोपिडोग्रेल आणि एक साखरेची, आणि कुठली संपली ते कोणालाच माहीत नाही. स्ट्रिप कापू नका. आठवड्याचे खण असलेला प्लास्टिकचा डबा केमिस्टकडे मिळतो, रविवारी रात्री मिस्टरांनी स्वतः बसून भरायचा, तुम्ही नुसतं बघायचं. महिना संपायच्या आठवडाभर आधी पुढच्या गोळ्या घरात असायला हव्यात. यातल्या बऱ्याच गोळ्या जन औषधी केंद्रात खूप स्वस्त मिळतात, 'परवडत नाही म्हणून दिवसाआड' हे कुठेही होऊ देऊ नका.

अॅसिडिटीची गोळी चालू असेल तर नाव बघा, ओमेप्राझोल क्लोपिडोग्रेलचा असर कमी करतं, डॉक्टर त्याऐवजी दुसरी देतात. गुडघे दुखले म्हणून केमिस्टकडून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन घ्यायचं नाही, दोन रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर त्याने पोटात रक्तस्राव होतो, शौच डांबरासारखी काळी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. दात काढायचा असेल आणि डेंटिस्ट म्हणाले की पाच दिवस गोळी बंद करा, तर आधी न्यूरोलॉजिस्टला फोन, त्यांना विचारल्याशिवाय एक दिवससुद्धा बंद नाही. लसूण, आलं, मध, व्हिनेगरचा तो नसा उघडणारा काढा तुमच्या फॅमिली ग्रुपवरही आला असेलच. त्याने नस उघडत नाही. हौस म्हणून लसूण खाल्ला तर खाऊ दे, पण त्याच्या भरवशावर गोळी सोडलेली माणसं मी परत स्ट्रेचरवर आलेली बघितलीत.

बीपी घरी मोजा. दंडाला पट्टा लावायचं मशीन, मनगटाचं नको. जिना चढून आल्या आल्या नाही, चहा-तंबाखूनंतर नाही, पाच मिनिटं पाठ टेकून बसल्यावर, पाय जमिनीवर, हात टेबलावर, तेव्हा बोलायचं नाही. वहीत तारीख घालून लिहा. पण एक सांभाळा, बीपी जास्त दिसलं म्हणून स्वतःच्या मनाने जास्तीची गोळी देऊन ते एकदम खाली आणू नका, अरुंद नसेच्या पलीकडे रक्त पोचायला थोडा दाब लागतो, हळूहळू खाली आणायचं काम डॉक्टरांचं. याच कारणासाठी निर्जळी उपवास आता बंद. चतुर्थी, एकादशी मनापासून करत असतील तर त्यांना समजावून सांगा की पाणी कमी पडलं, साखर उतरली, गोळी 'उपवासाला चालत नाही' म्हणून राहिली, हे तिन्ही एका दिवशी जमून येतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात अंधेरी ते कांदिवली उभ्याने प्रवास करताना पाण्याची बाटली हवीच.

मिठाबद्दल बोलते कारण तुम्ही लिहिलंय की जेवण साधंच असतं. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, सगळं धरून. भाजीतलं कमी केलंत तरी पापड, लोणचं, फरसाण, ऑफिसबाहेरचा वडापाव आणि त्यावरची तळून मीठ लावलेली मिरची हे मोजत नाही आपण. आणि सुकट, सुके बोंबील. आवडत असतील तर मन मोडू नका, पण रोजच्या जेवणातून काढा, ताजी मासळी चालेल की.

तंबाखूवर मी जास्त लिहीत नाही कारण तुम्ही सांगून थकलायत हे कळतंय. १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर आहे, तंबाखू सोडायला मदत करतात, तिथे फोन मिस्टरांनी करायचा, तुम्ही नाही. स्ट्रोकनंतरचे पहिले काही महिने माणूस खरंच घाबरलेला असतो, सोडायला यापेक्षा चांगली वेळ परत येत नाही.

आणि ताई, एवढ्या मोठ्या पत्रात दिरांचं मत आहे, सासूबाईंचं आहे, मेडिक्लेमवाल्या एजंटचंसुद्धा आहे, मिस्टर स्वतः काय म्हणतात ते नाहीये. 'ते म्हणतात तुम्हीच ठरवा' एवढंच. त्यांचं बोलणं परत आलंय, डोकं शाबूत आहे, संमतीपत्रावर सही त्यांनाच करायचीये. त्यांना कोणी शांतपणे सांगितलंय का की शंभरातल्या किती जणांना काय होतं? की सगळे त्यांच्यासमोर हळू आवाजात बोलतायत? एकदा संध्याकाळी टीव्ही बंद करून विचारा, तुम्हाला जास्त भीती कशाची वाटते, परत झटका येण्याची की टेबलावर काही होण्याची. जे उत्तर येईल ते ऐकून घ्या, लगेच समजूत काढू नका. ते चिडचिड करत असतील, उगाच डोळे भरून येत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, स्ट्रोकनंतर असं होतं आणि त्यावर इलाज आहे.

दोष तुमच्यावर येईल का, हा तुमचा खरा प्रश्न. येऊ शकतो, खोटं कशाला सांगू. गोळ्या चोख घेतल्या तरी धोका शून्य होत नाही, ट्रायलमध्ये गोळ्यांवाल्यांतही वर्षात शंभरातल्या बारा जणांना त्रास झालाच. पण निर्णय घरात हॉलमध्ये झाला तर 'बायकोने अडवलं' होतं, आणि डॉक्टरांच्या केबिनमध्ये सगळ्यांसमोर झाला तर तो पेशंटचा आणि डॉक्टरांचा निर्णय असतो. म्हणून पुढच्या अपॉइंटमेंटला भाऊजींना घेऊन जा. त्यांना आधीच सांगा, 'भाऊजी, तुमचे प्रश्न तुम्हीच विचारा, मला नीट सांगता येत नाही.' त्यांचं भावावर प्रेम आहे, म्हणून तर ते एवढे मागे लागलेत, ती धावपळ वाया घालवू नका. बीपीची वही दर रविवारी फोटो काढून त्यांना पाठवायची, एलडीएलची टेस्ट त्यांनी करून आणायची, सकाळी चालायला जाताना फोन करून उठवायचं काम त्यांचं. आणि मेडिक्लेम आहे म्हणून ऑपरेशन करून टाकू, हे कारण त्यांच्या तोंडून निघालं तर तिथेच डॉक्टरांना उत्तर देऊ द्या. ज्यांच्याकडे मेडिक्लेम नाही अशांनी, पुढे कधी खरंच प्रोसिजर लागली तर, हॉस्पिटलात महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र बसतात, त्यांना रेशनकार्ड दाखवून आधी विचारावं, उधारी नंतर.

घरातल्या प्रत्येकाला, शाळेतल्या मुलीलासुद्धा, हे पाठ हवं: तोंड एका बाजूला वाकडं, हात किंवा पाय जड, बोलणं अडखळलं, अचानक दिसेनासं झालं किंवा तोल गेला, की घड्याळ बघायचं, वेळ लिहायची आणि १०८ किंवा मिळेल ती गाडी घेऊन सीटी स्कॅन आणि न्यूरोलॉजिस्ट असलेल्या हॉस्पिटलात. जवळचं असं हॉस्पिटल कुठलं ते आजच विचारून ठेवा, नर्सिंग होममध्ये थांबून तिथून हलवण्यात तास जातो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, मोठी गुठळी वायरने काढायला काही जणांना २४ तासांपर्यंत वेळ असतो, पण जितकं लवकर तितका मेंदू वाचतो. पाणी, साखर, अॅस्पिरिन काही तोंडात घालायचं नाही, रक्तस्राव आहे की गुठळी हे स्कॅनशिवाय कळत नाही. आणि वीस मिनिटांत बरं वाटलं तरी जायचंच, त्याच दिवशी. मागच्या वेळी ते कामावर गेले, पुढच्या वेळी जाऊ द्यायचं नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय की गणपतीला गावी, कणकवलीकडे, न्यायचं की नाही, सासूबाई हट्ट धरून बसल्यात. डॉक्टर हो म्हणत असतील आणि तोपर्यंत काही नवीन त्रास नसेल तर न्या, घरात कोंडून ठेवून बीपी उतरत नाही. ट्रेनने न्या, कारने रात्रभर घाटातून नको. गोळ्या दोन ठिकाणी ठेवा, अर्ध्या तुमच्या पर्समध्ये, अर्ध्या त्यांच्या बॅगेत, लागतील त्यापेक्षा आठवडाभराच्या जास्त, फाईलचे फोटो मोबाईलमध्ये. निघण्याआधी तिकडच्या एखाद्या नातेवाईकाला विचारून घ्या की गावापासून सर्वात जवळचं सीटी स्कॅन कुठे आहे आणि रात्री गाडी कोणाची मिळेल. आरतीला तासभर उभं राहायचं नाही, खुर्ची द्या. विसर्जनाला डोक्यावर मूर्ती घ्यायचं काम यंदा पुतण्याला.